दोन खुंट्यांची उघाडी

आमच्या उघाडीला कुलूप नव्हतं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मधे दगडात बसवलेलं हे दार. ओहोटीला, आमच्या बोलीत सुकतीला, ते उघडायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत ते लावायचं, नाहीतर खारं पाणी आत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. दाराच्या फळ्या दाबून धरायला वरून एक आडवं सागाचं लाकूड होतं आणि त्या लाकडाच्या दोन टोकांना दोन खुंट्या. डावीकडची खुंटी आमच्या घरची. उजवीकडची बंदरवाडीतल्या उस्मान चाचाच्या घरची. दोन्ही निघाल्याशिवाय दार हलत नसे. ही रीत कोणी घातली ते माझ्या बापालाही सांगता येत नसे. त्याचा बाप तेच करत होता आणि पलीकडे उस्मान चाचाचा बापही.

आमचा पाडा आगऱ्यांचा, बंदरवाडी कोकणी मुसलमानांची. मधे फक्त शेतं. बंदरवाडीची शेतं थोडी उंचावर, आमची खोलगट, पण सगळ्यांचं पाणी त्याच एका दारातून जायचं. म्हणून नियम असा होता, की ज्याची खुंटी त्यानंच ओढायची, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. पावसात लाकूड फुगतं, खुंटी घट्ट बसते. मग ज्याची खुंटी तो गुडघ्यावर बसून, आडव्या लाकडाखाली खांदा देऊन खुंटी ओढायचा, आणि दुसरा मागच्या बाजूने हातोडीचा ठोका द्यायचा. ठोका ओढणाऱ्याच्या कानाशी पडायचा. आणि एक नियम. दुसरा माणूस आला नाही तर बांधावर उभं राहून त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. तीन हाकांवर कोणी आलं नाही असं आमच्या आठवणीत कधी झालंच नव्हतं, त्यामुळे चौथ्या वेळी काय करायचं ते कोणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

हे मी आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आम्ही आता नवीन पनवेलला राहतो, मुलाच्या फ्लॅटमध्ये. खाली बागेत संध्याकाळी म्हाताऱ्यांचं बाकडं भरतं. सगळे शिकलेले, पेन्शनवाले. परवा एकाने मोबाइलवरून वाचून दाखवलं, जगात कोणता धर्म सगळ्यात शांत आणि कोणता सगळ्यात रक्तपाती. त्यात नंबर लावलेले होते, शाळेच्या निकालासारखे. मग वाद सुरू झाला. एक म्हणाला आमच्यात मुंगी मारत नाहीत. दुसरा म्हणाला आमच्यात एका गालावर मारली तर दुसरा पुढे करतात. तिसऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय हसुरामभाऊ, तुम्ही गप्प का?" मी म्हटलं, "मी चौथी शिकलोय. मला नंबर समजत नाहीत." आणि उठून आलो. घरी आल्यावर नातीची एक कोरी वही मागून घेतली. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते, शुद्धलेखन पण नीट करते. मी नको म्हटलं. ज्या हाताने केलं त्या हाताने लिहीन. चुका राहतील त्या राहू देत.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन. घर कुडाचं, वर कौलं. पावसात घरात सतत तीन आवाज असायचे. कौलांवरचा पावसाचा, मागच्या खाचरातल्या बेडकांचा आणि आईच्या भाकरी थापण्याचा. आई तांदळाची भाकरी थापायची ती पाण्याच्या हाताने, परातीत फिरवून फिरवून, आणि तिचा तो थपथप आवाज माझ्या उठण्याचा भोंगा होता. पावसात ताजी मासळी कमी, मग सुका जवळा कांद्यावर परतलेला नाहीतर सुके बोंबील निखाऱ्यावर भाजून ठेचलेले. मी खाचरातून चिंबोऱ्या पकडून आणल्या की आई त्या वाटणात घालायची आणि एक वाटी झाकून बाजूला ठेवायची. ती वाटी उस्मान चाचाची. बाप सकाळी उघाडीवर जाताना न्यायचा. तिकडून कधी तांदळाचे घावणे यायचे, कधी ईदला शेवया. बाप मटण तिकडचं खायचा, आईला ते चालत नसे. ती शेवया मात्र खायची आणि म्हणायची, "फातमाच्या हाताला गोड चव हाय." फातमा म्हणजे चाचाची बायको. दोघी वर्षातून एकदा भेटत असतील, पण एकमेकींच्या हाताची चव त्यांना बरोबर माहीत होती.

माझा बाप शांत माणूस. गावात भांडण झालं की लोक त्याला मधे बसवत. मी त्याला कोणावर हात उचलताना पाहिलं नव्हतं, माझ्यावरसुद्धा नाही. उस्मान चाचा तसा नव्हता. उंच, हाडापेराने मोठा, आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या होडीला तो या काठावरून बोलवायचा. रागीट होता. बैल अडला तर बैलाशी भांडायचा. माझा बाप त्याला म्हणायचा, "उस्मान, तू बैलाला पण कोर्टात नेशील." तो म्हणायचा, "वल्ला, वकील भेटत नाय म्हणून थांबलोय."

त्या साली पाऊस लवकर आला आणि पावसाबरोबर बातम्याही आल्या. लांबच्या एका शहरात दोन्हीकडची माणसं मारली गेली होती. आमच्या पाड्यावर वर्तमानपत्र येत नसे. पनवेलच्या बाजारात भाजी विकून बायका परत येत आणि टोपलीत मिठासोबत एकेक गोष्ट घेऊन येत. प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा मोठी असे. मग एके संध्याकाळी देवळात भजनाला एक पाहुणे आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, बोलणं गोड. भजन संपल्यावर त्यांनी सांगितलं, आपला धर्म मुळात शांतीचा आहे, आपण कधी कोणाच्या अंगावर गेलो नाही, आणि हाच आपला दोष आहे. त्यांचा धर्म तलवारीवर वाढला. तुमच्या बांधाची दुसरी खुंटी कोणाच्या हातात आहे, याचा विचार करा. एवढं म्हणून त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने बुक्का लावला.

ते खुंटीचं वाक्य माझ्या डोक्यात मासळीच्या काट्यासारखं अडकलं. परक्या माणसाला आमच्या खुंट्या माहीत होत्या, म्हणजे कोणीतरी सांगितल्या होत्या, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी बापाबरोबर उघाडीवर गेलो. चाचा आधीच बसलेला, विडी पावसापासून लपवून ओढत. बापाला बघून म्हणाला, "काय रे, काल तुमच्याकडं कोन आयलेला म्हने?"

"आयलेला एक. बोलला आमचा धर्म शांतीचा हाय."

"अरे, आमच्याकडं पन जुम्म्याला एक आयलेला बाहेरचा. तो बोलला आमच्या धर्माचा नावच शांती हाय."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? तू शांत, मी शांत. मग तिकडं मारामारी करतंय कोन?"

बापाने विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "चिंबोऱ्या."

दोघे इतके हसले की चाचाची विडी पाण्यात पडली. मी हसलो नाही. मला त्या दोघांचा राग आला. मला वाटलं, हे म्हातारे बुडाले तरी हसत बुडतील.

माझा मित्र जनार्दन, आम्ही त्याला जन्या म्हणायचो, तो त्या पाहुण्याच्या मागे दोनदा पनवेलला जाऊन आला होता. तो रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसायचा आणि हळू आवाजात बोलायचा. त्याने पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. अवसेच्या उधाणाला बंदरवाडीवाले उघाडी उघडी ठेवणार. दुपारी बाराला भरती पूर्ण चढेल, खोलगट शेतं आपली, बुडणार आपण, त्यांची शेतं उंचावर. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, "सगळं गाव बोलतंय." सगळं गाव म्हणजे आम्ही आठ-दहा पोरं, आणि आम्ही ते एकमेकांकडूनच ऐकत होतो.

दिव्यांच्या अवसेच्या आधी तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. त्यात बापाच्या तळपायात कालवाचं शिंपलं घुसलं आणि पाय सुजला, म्हणून आता उघाडीवर मी येणार असा निरोप चाचाकडे गेला. आई हळद तापवून बांधत होती. घरातले सगळे दिवे, समया, कंदील घासून पाटावर मांडले होते, राखेचा आणि चिंचेचा वास सगळ्या घरात. अवसेच्या पहाटे बाप खाटेवरूनच म्हणाला, "हशा, सुकती लागली. जा. उस्मान वाट बघत असंल. पानी काढा, आणि भरती चढायच्या आत फळ्या परत. आज उधाण हाय, इसरू नको."

मी हो म्हणालो. कपाळावर आदल्या रात्रीच्या भजनातला बुक्का तसाच होता.

बांधावर गेलो तेव्हा जन्या आणि आणखी सहा जण आधीच उभे होते, डोक्यावर इरली घेऊन. जन्याच्या इरल्याखाली कोयता होता. तो म्हणाला, "आज उघडायचीच नाय. उघडली तर ते परत लावू देनार नाय. तू खुंटीला हात लावू नको, बस. बाकी आमी बघतो." मी बांधाकडे पाहिलं. आतल्या बाजूला पाणी नुसतं चमकत होतं. चार दिवसांपूर्वी लावलेली भाताची आवणी पाण्याखाली गेली होती, फक्त शेंडे दिसत होते. ती आवणी माझ्या आईने वाकून वाकून लावलेली. दार उघडलं नाही तर ती कुजणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमचीच शेतं आधी बुडत होती. तरीपण मी बांधाच्या मागच्या उतरणीवर, पोरांच्या मधे जाऊन बसलो. माझी मान ताठ होती. मला वाटत होतं मी गाव राखतोय.

उस्मान चाचा एकटा आला. नमाज पढून आला असेल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने आपली खुंटी आपणच ठोकून काढली आणि बांधावर चढून आमच्या पाड्याच्या दिशेने तोंड केलं.

"हशाऽऽ!"

मी वीस-पंचवीस हातांवर, बांधाआड दडून बसलेलो. जन्याने माझ्या मनगटाला धरलं.

"हसुरामाऽऽ!"

पाड्यातली कुत्री भुंकायला लागली.

तिसऱ्या हाकेला त्याने माझ्या बापाला बोलावलं नाही, माझंच नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, जसं लग्नपत्रिकेत लिहितात तसं. मग तो थांबला. बराच वेळ थांबला. पाण्याकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं. ओहोटी संपत आली होती. मग तो खाली उतरला, आमच्या खुंटीपाशी गुडघ्यावर बसला, आणि हातोडी उचलून तिच्यावर मारली.

"खुंटी फोडतोय रे!" जन्या ओरडला.

आम्ही धावलो. मी सगळ्यात पुढे होतो. बांध दुरुस्तीला तिथे एक पहार ठेवलेली असायची, ती माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. मला आठवतं. मी वाकलो, ती चिखलातून उपटली, आणि तिचं वजन बरोबर मधे धरलं. चाचाने वर पाहिलं. "आयलास?" एवढंच म्हणाला तो. त्याला वाटलं मी उशिरा का होईना खुंटी ओढायला आलो. आणि मी त्याच्या उजव्या हातावर पहार घातली.

हाड मोडल्याचा आवाज ओल्या लाकडासारखा येतो. हे बाकड्यावरच्या पेन्शनवाल्यांना मोबाइल सांगणार नाही.

तो ओरडला त्या ओरडण्याने बंदरवाडी बाहेर आली. त्याचा मुलगा याकूब पुढे, हातात वल्हं. मागे वीस-पंचवीस माणसं. आमच्या बाजूनेही माणसं धावत आली. बांध चार हात रुंद. एका टोकाला ते, एका टोकाला आम्ही, मधे उस्मान चाचा हात छातीशी धरून चिखलात बसलेला, आणि खाली अर्धी निघालेली आमची खुंटी. पाऊस पडत होता. कोयत्यावरून पाणी कसं ओघळतं ते मी त्या दिवशी पाहिलं. खाडीचं पाणी फिरलं होतं, भरती लागली होती.

तेवढ्यात माझा बाप आला. बांबू टेकत, एका पायावर, तळपायाचं फडकं हळदीने पिवळं आणि चिखलाने काळं झालेलं. त्याने चाचाकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं.

"कोनी मारला याला?"

"हशानं मारला," जन्या म्हणाला, अभिमानाने. "हा आपली खुंटी काढत होता, काका. न सांगता."

"न सांगता?"

"हाकच नाय मारली."

बंदरवाडीकडून कल्लोळ झाला. "झूठ! आमी सगळ्यांनी ऐकल्या हाका!" याकूब ओरडला, "तीन मारल्या बाबांनी! तुमचा बाप बहिरा झालाय काय?" आमच्याकडून कोणीतरी आईवरून शिवी दिली. बापाने बांबू उचलून सगळ्यांना गप्प केलं. पावसात, कौलांखाली, चुलीपाशी असलेल्या आमच्या माणसांना हाका खरंच ऐकू गेल्या नसतील. आमच्या बाजूने त्या ऐकलेले फक्त आम्ही आठ जण होतो. बाप माझ्यासमोर आला.

"हशा. तू हितंच होतास ना? हाक मारली का नाय यानं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जन्या बघत होता. उस्मान चाचा खालून बघत होता, त्याचा चेहरा दुखण्याने राखेसारखा झालेला.

मी म्हणालो, "नाय मारली."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय. दलालाशी, बायकोशी, डॉक्टरशी. त्या सगळ्याचं मला काही वाटत नाही. हे दोन शब्द मात्र मला अजून उठवतात.

बापाने माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्याचा मुलगा, त्याच्यासमोर कधी खोटं बोललो नव्हतो, तो दुसरं काय करणार? तो हळूच वळला. "उस्मान," तो म्हणाला, आणि तो आवाज मी आधी ऐकला नव्हता, "माझ्या पोरानं उद्या माझ्या मढ्याला खांदा द्यायचा, तो खोटं बोलंल? तू हाक न मारता माझ्या खुंटीला हात घातलास?"

"घातला," चाचा म्हणाला. "पन हाका मारल्या. खुदा की कसम, तीन मारल्या."

"तुझा खुदा मना सांगू नको!"

माझा बाप हे बोलला. जो चिंबोऱ्या म्हणून हसला होता, तो. बांबू त्याने टाकून दिला, सुजलेला पाय चिखलात रोवला आणि शेजारच्या माणसाच्या हातातला कोयता ओढून घेतला. याकूबने वल्हं डोक्यावर नेलं. आमच्या मागची माणसं एक पाऊल पुढे आली, त्यांची माणसं एक पाऊल पुढे आली. माझ्या बापाच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. आणि तेव्हा मला कळलं, की त्या पांढऱ्या शर्टवाल्याने केलं त्यापेक्षा मोठं काम मी आता केलंय. सगळ्या गावातला एक शांत माणूस होता, त्याला मी दोन शब्दांत खुनी करून ठेवला.

"मारली!" मी ओरडलो. "मारली हाक! तीनदा मारली. माझं नाव घेऊन मारली. मी ऐकली. मी मुद्दाम नाय गेलो."

जन्या म्हणाला, "हशा, गप!" मी पुन्हा म्हटलं, "मारली."

बाप तसाच उभा होता, कोयता वर. मग त्याचा हात हळूहळू खाली आला, जसा उधाणाचा जोर ओसरतो तसा. तो माझ्याकडे वळला नाही. त्याने मला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणतो, पण त्या क्षणी मी मार चुकवायला मान खाली घातली होती. तो चाचाच्या समोर बसला, खाली, चिखलात, पाय लांब करून.

चाचा म्हणाला, "आधी खुंट्या ठोक. भरती चढतेय."

ते आधी झालं. याकूबने त्यांची खुंटी ठोकली, माझ्या बापाने आमची. कोणी कोणाला हात दिला नाही. मग बाप तिथेच, दोन्ही गावांसमोर म्हणाला, "उस्मान, आजपासून दोन्ही खुंट्या तुझ्या घरच्या. आमचा पाडा खुंटीला लायक नाय राहिला." आमच्या माणसांत कुजबुज झाली. कित्येक पिढ्यांची गोष्ट त्याने एका वाक्यात देऊन टाकली होती.

चाचाने डोकं हलवलं. "मना नको दोन्ही."

"का? मी देतोय."

"दोन्ही माझ्याकडं दिल्यास तर माझी पोरं पन चार दिवसांत तुझ्या पोरासारखी होतील." त्याने याकूबकडे पाहिलं. "आत्ताच बघ त्याचं तोंड." याकूबने वल्हं खाली केलं, पण टाकलं नाही.

दुपारी बाराला उधाण बांधाच्या काठाला एक वीत कमी इतकं चढलं. आम्ही सगळे, दोन्हीकडचे, दोन टोकांना उभे राहून ते बघत होतो. एकमेकांकडे पाहत नव्हतो, पाण्याकडे पाहत होतो. बांध राहिला. पण आतलं पावसाचं पाणी तसंच होतं, उलट वाढत होतं. संध्याकाळच्या ओहोटीला दार उघडलं नाही तर आवणी गेली, आमचीही आणि त्यांचीही. चाचाला त्याच्या माणसांनी हाड बसवणाऱ्याकडे नेलं होतं. याकूबने निरोप पाठवला, की त्या पोराबरोबर आमच्यातला एकही माणूस उघाडीवर येणार नाही. बाप खाटेवर पडला होता, पाय दुपटीने सुजला होता, अंगात ताप. आम्ही जाऊ का, असं आमच्यातल्या दोघांनी विचारलं. बाप भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ज्याला हाक मारली तो जाईल." आईने माझ्यासमोर भाकरी ठेवली होती. मी ती तशीच टाकून निघालो.

उजेड होता अजून. पाऊस बारीक झाला होता. मी एकटा उघाडीवर उभा राहिलो आणि बंदरवाडीकडे बघत राहिलो. हाक मारायची हिंमत माझ्यात नव्हती. माझा आवाज त्या बाजूला कोणत्या तोंडाने पाठवू? पाणी खाली जात होतं. तेवढ्यात चाचा येताना दिसला. उजवा हात बांबूच्या कांबट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात हातोडी. मागे कोणी नाही.

तो सरळ पुढे आला. आपल्या खुंटीपाशी बसला, डाव्या हाताने धरली, आणि हातोडी माझ्यासमोर जमिनीवर टाकली. मी उचलली. पहिला ठोका चुकला, दुसऱ्याला खुंटी सुटली. मग तो उठला. मी हातोडी त्याच्याकडे दिली, आणि आमच्या खुंटीपाशी आलो. आता मला गुडघ्यावर बसून, लाकडाखाली खांदा देऊन, मान वाकवून खुंटी ओढायची होती, आणि तो माझ्या मागे हातोडी घेऊन उभा राहणार होता.

मी सांगतो, मी घाबरलो होतो. इतका घाबरलो होतो की लघवी सुटेल असं वाटलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मारलं असतं आणि पाण्यात ढकललं असतं तर ओहोटीबरोबर मी खाडीत गेलो असतो, पाय घसरला म्हणून सगळ्यांनी मानलं असतं, कदाचित माझ्या बापानेसुद्धा. पळून जावंसं वाटलं. पण खाली ते पाणी, त्यात आईच्या आवणीचे शेंडे. मी गुडघे टेकले. लाकूड खांद्यावर घेतलं. मान खाली घातली. खुंटी दोन्ही हातांनी धरली.

मागे काहीच आवाज येईना. त्याचा श्वास मात्र ऐकू येत होता, जड, तोंडाने घेतलेला. मी डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या खांद्यावर लाकडाचं वजन वाढत चाललं होतं आणि तरी ठोका पडेना. मग पडला, कानाशी, लाकडावर. दुसरा पडला. खुंटी माझ्या हातात आली.

मी उभा राहिलो. तो हातोडी धरूनच उभा होता. घामाने की पावसाने, त्याचा चेहरा ओला होता.

"चाचा," मी म्हटलं, "मला मारावंसं नाय वाटलं?"

"वाटलं."

"मग?"

त्याने हातोडी कमरेला खोवली आणि डाव्या हाताने फळीचं एक टोक पकडलं.

"मग काय मग? त्या टोकाला धर. सुकती चाललीय."